एकाच घरात वाढलेली दोन भावंडे, एक श्रद्धाळू आणि एक अश्रद्ध: संस्कार नेमके काय घडवतात?

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. आपण आणि आपली थोरली बहीण एकाच श्रद्धाळू घरात, त्याच आईवडिलांच्या हाताखाली वाढलात. बहिणीची श्रद्धा आजही अढळ आहे. आपला विश्वास मात्र महाविद्यालयाच्या वर्षांत हळूहळू ओसरला तो परत आला नाही. आता आपली सहा वर्षांची मुलगी ‘देव खरंच आहे का?’ असे विचारू लागली आहे. आपल्या पत्नीची श्रद्धा आहे, आपली नाही. आपल्याला जाणून घ्यायचे आहे ते हे की माणसाची श्रद्धा किंवा अश्रद्धा बालपणीच ठरून जाते काय, आणि तसे असेल तर आपण मुलीला काहीच न शिकवणे हा तिच्यावर अन्याय ठरतो काय. कुटुंबांसाठी समुपदेशक म्हणून काम करताना हे दोन्ही प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्यासमोर वारंवार आले आहेत, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. श्रद्धेची सुरुवात कोठून होणार आणि तिच्याशी कोणत्या भावना कायमच्या जोडल्या जाणार, या दोन गोष्टी बालपणात मोठ्या प्रमाणावर ठरतात. माणूस चाळिशीत कोठे पोहोचेल हे मात्र त्यावरून सांगता येत नाही, आणि जे सांगतात त्यांच्यापासून, मग ते धर्मोपदेशक असोत वा बुद्धिवादी, थोडे सावध राहिलेले बरे.

मूल कोरी पाटी घेऊन येत नाही, हे प्रथम लक्षात घ्यायला हवे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलेमन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लहान मुलांना टोकदार खडकांविषयी विचारले होते: हे खडक असे टोकदार का? वर्षानुवर्षे कण साचून ते तसे झाले, हे स्पष्टीकरण समोर असतानाही मुलांचा कल ‘प्राण्यांना अंग खाजवता यावे म्हणून’ अशा उत्तराकडे होता. जगातली प्रत्येक वस्तू कशासाठी तरी आहे, असे मुलांना शिकवावे लागत नाही. उलट तसे नसते, हे पुढे शिकवावे लागते. जस्टिन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये केलेला दुसरा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. मुलाला बिस्किटांचा बंद डबा दाखवायचा, मग तो उघडून आत दगड आहेत हे दाखवायचे, आणि डबा पुन्हा बंद करून विचारायचे की आईने हा डबा पाहिला तर आत काय आहे असे तिला वाटेल. साधारण पाच वर्षांचे मूल बरोबर सांगते की आईला बिस्किटे आहेत असे वाटेल, म्हणजे आई फसू शकते हे त्याला कळू लागलेले असते. आणि देवाला काय वाटेल? त्याच मुलांपैकी बहुतेकांनी सांगितले की देवाला मात्र दगडच दिसतील. पुढे ग्रीसमध्ये झालेल्या अशाच प्रयोगांत सर्वांत लहान मुलांनी देवालाही माणसासारखे अज्ञानी ठरवले, त्यामुळे सर्वज्ञतेची कल्पना किती उपजत आणि किती शिकलेली हा वाद मिटलेला नाही. परंतु एवढे निश्चित म्हणता येते की शाळेत जाण्याच्या वयात मुलाच्या मनात अदृश्य आणि आपल्याहून अधिक जाणणाऱ्या कोणासाठी तरी जागा तयार झालेली असते.

या जागेत कोण येऊन बसणार, ते घर ठरवते. तो एक की अनेक, दयाळू की कठोर, त्याच्याशी बोलता येते की फक्त त्याला घाबरायचे असते, हे सारे मूल घरातून उचलते. कॅथलीन कॉरिव्हो आणि पॉल हॅरिस यांच्या गटाने पाच-सहा वर्षांच्या मुलांना धर्मकथा, परीकथा आणि साध्या गोष्टी ऐकवून विचारले की यातला मुख्य माणूस खरा असेल की रचलेला. धार्मिक वातावरणातल्या मुलांनी धर्मकथेतला नायक खरा मानला. ज्यांना घरी वा शाळेत धर्माचा स्पर्श नव्हता, त्यांनी तोच नायक काल्पनिक ठरवला. म्हणजे पाचव्या वर्षापर्यंत घराने आपले काम बरेचसे उरकलेले असते. यात नवल नाही. जंतू, पृथ्वीचा गोल आकार, मेंदूचे काम यांतले काहीही मुलाने स्वतः पाहिलेले नसते. वडीलधाऱ्यांच्या शब्दावर ते हे सारे मान्य करते, आणि देवही त्याच वाटेने त्याच्यापर्यंत येतो.

म्हणूनच मुलाची पहिली शंका बहुधा देवावर घेतलेली नसते, सांगणाऱ्यावर घेतलेली असते. याचे सर्वांत सुरेख उदाहरण इंग्रज लेखक एडमंड गॉस यांच्या बालपणात सापडते. त्यांचे वडील फिलिप हेन्री गॉस नामांकित निसर्गशास्त्रज्ञ आणि अत्यंत कडवे ख्रिस्ती होते. लाकडा-दगडाची पूजा केली तर देव कोपतो, असे त्यांनी मुलाला सांगितले होते. मुलाने एके दिवशी घरात कोणी नाही असे पाहून एक लहान खुर्ची उचलून टेबलावर ठेवली, तिच्यासमोर गुडघे टेकले, देवाऐवजी खुर्चीला उद्देशून रोजची प्रार्थना म्हटली, आणि आता काय होते याची धास्तावून वाट पाहिली. काहीच झाले नाही. गॉस यांनी पुढे लिहिले आहे की या प्रसंगाने देवाच्या अस्तित्वाविषयी त्यांच्या मनात शंका आली नाही; कमी झाला तो देवाच्या मनातले वडिलांना कळते यावरचा विश्वास. श्रद्धा सोडलेल्या अनेक प्रौढांशी बोलताना मला हेच पुन्हा ऐकू येते. आठवण उकरत गेले की तळाशी तत्त्वज्ञान सापडत नाही. एखादे मोडलेले आश्वासन किंवा उघडी पडलेली थाप सापडते.

येथे संस्कार या विषयातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते. मुले ऐकतात थोडे आणि पाहतात फार. मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेन्रिक यांनी २००९ मध्ये मांडले की शब्द स्वस्त असतात, त्यामुळे बोलणारा माणूस आपल्या बोलण्यासाठी स्वतः काही झीज सोसतो का, यावर शिकणारे मन लक्ष ठेवून असते. विषारी असण्याची शक्यता असलेले फळ गोड आहे असे सांगणाऱ्याने ते आधी स्वतः खाल्ले तरच इतर खातील, हे त्यामागचे साधे तत्त्व आहे. धर्माला ते तंतोतंत लागू पडते. थकून घरी आल्यावरही न चुकता प्रार्थनेला बसणारी आई, अडचणीच्या महिन्यातही दानाची रक्कम बाजूला काढणारे वडील, आपला अपमान करणाऱ्याला श्रद्धेपोटी क्षमा करणारी आजी, या गोष्टी मुलाच्या मनावर ज्या प्रकारे उमटतात त्या प्रकारे कोणतेही पाठांतर उमटत नाही. याउलट मुलांना प्रार्थनेला बसवून मोठी माणसे स्वतः दूरचित्रवाणीसमोर बसतात, त्या घरात मुले एक वेगळाच धडा पक्का करतात: हे फक्त लहानांसाठी असते, मोठे झाल्यावर यातून सुटका होते. पुढे ती खरोखरच सुटका करून घेतात आणि आईवडील चकित होतात.

हे केवळ माझे निरीक्षण नाही. विल जर्व्हे आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील प्रातिनिधिक नमुन्यावर केलेला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यांनी अश्रद्धेची निरनिराळी संभाव्य कारणे एकमेकांशेजारी ठेवून तपासली, तेव्हा सर्वांत प्रबळ ठरले ते हेच: बालपणी आसपासच्या माणसांच्या कृतीतून श्रद्धेचा पुरावा किती कमी दिसला. विश्लेषक विचारपद्धतीचा संबंध होता, पण तुलनेने क्षीण. आमच्या बुद्धिवादी मित्रांना हे ऐकणे आवडत नाही, कारण आपण विचार करून नास्तिक झालो ही प्रत्येकाची आवडती कथा असते. याच जर्व्हे यांनी २०१२ मध्ये, विचारमग्न माणसाचा पुतळा नुसता पाहिल्यानेही लोकांची देवावरची श्रद्धा कमी होते, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला होता; २०१७ मध्ये इतरांनी तो प्रयोग मोठ्या संख्येवर पुन्हा केला तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. विचाराला काहीच किंमत नाही असा याचा अर्थ नव्हे. विचार बहुधा त्या घरातून वाट काढतो, ज्याचे दार आधीच अर्धवट उघडे असते. महाविद्यालयात आपला विश्वास ओसरला तेव्हा त्याच्या आधीच्या दहा वर्षांत आपण घरात काय पाहत होता, हे एकदा शांतपणे आठवून पाहा.

कृतीनंतर दुसरी गोष्ट जिव्हाळ्याची. व्हर्न बेंग्टसन यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातील साडेतीनशेहून अधिक कुटुंबांचा १९७० पासून सुमारे पस्तीस वर्षे, पिढ्यान् पिढ्या, मागोवा घेतला. आईवडिलांशी, आणि विशेषतः वडिलांशी, मायेची जवळीक होती तेथे श्रद्धा पुढच्या पिढीत अधिक उतरली. स्वतः अत्यंत धर्मनिष्ठ, पण मुलांशी कोरडे किंवा करडे वागणाऱ्या पालकांची निष्ठा मुलांपर्यंत पोहोचताना वाटेतच गळाली. आजी-आजोबांचा प्रभावही या अभ्यासात ठळकपणे दिसला. आपल्या बहिणीचे आईवडिलांशी नाते आपल्यापेक्षा अधिक निकटचे होते का, हे मला माहीत नाही, परंतु आपण समोर असता तर पहिला प्रश्न मी हाच विचारला असता.

धाकाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण माझ्या कामात जखमा दिसतात त्या बहुतेक तेथल्या. एक स्त्री माझ्याकडे येत असे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगतो. देवावरचा तिचा विश्वास ऐन तारुण्यात संपला होता आणि ते सांगताना तिला कसलाही संकोच वाटत नसे. तक्रार निराळीच होती. आयुष्यात काही चांगले घडले, बढती मिळाली, मुलाला यश मिळाले, की त्या रात्री तिला झोप येत नसे. आता याची भरपाई म्हणून काहीतरी वाईट होणार, या भीतीने ती उठून मुलांचा श्वास चालू आहे ना ते पाहत असे. बऱ्याच भेटींनंतर तिला आठवले की ती सातेक वर्षांची असताना धाकटा भाऊ तापाने फणफणला होता, आणि ‘तू काल खोटे बोललीस ते देवाने पाहिले’ असे कोणीतरी सहज बोलून गेले होते. देव गेला, हिशेब ठेवणारा डोळा मागे राहिला. श्रद्धेतला मजकूर बुद्धीने खोडता येतो. तिच्याबरोबर शरीरात मुरलेली भीती त्या खोडरबराने पुसली जात नाही. मनोविश्लेषक आना-मारिया रिझुतो यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो: मुलाच्या मनातली देवाची प्रतिमा आईवडिलांच्या अनुभवातून, त्यांच्या मायेतून आणि त्यांच्या रागातूनही, घडत जाते, आणि नास्तिकाच्या मनातही अशी एक प्रतिमा असतेच, तो तिच्यावर विश्वास ठेवत नाही एवढेच.

याच धाग्यावर आसक्तिबंधाचे, म्हणजे मूल आणि त्याला सांभाळणारी माणसे यांच्यातल्या भावनिक नात्याचे, संशोधन पुढे जाते. ली कर्कपॅट्रिक आणि फिलिप शेव्हर यांनी १९९० मध्ये आणि नंतर स्वीडनमध्ये पेर ग्रँक्विस्ट यांनी दाखवले की ज्यांचे बालपणीचे नाते सुरक्षित होते, त्यांची धार्मिकता आईवडिलांच्या वळणावर जाण्याची शक्यता अधिक असते: ते श्रद्धाळू तर मूल श्रद्धाळू, ते उदासीन तर मूल उदासीन. असुरक्षित नात्यातून आलेल्यांत मात्र आकस्मिक बदल अधिक दिसतात. दुःखाच्या किंवा एकटेपणाच्या काळात अचानक देवाकडे वळणे हा त्यातला एक ठळक प्रकार आहे. बालपणी जो आधार माणसांत मिळाला नाही तो तेथे शोधला जातो. त्यामुळे ‘खाण तशी माती’ ही म्हण निम्म्याच घरांना लागू पडते असे म्हणावे लागेल.

आता भावंडांचा प्रश्न. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमधील न्यूमन बंधूंची कहाणी आपल्याला ठाऊक असेल. तिघे एकाच आईवडिलांचे पुत्र. थोरला जॉन हेन्री १८४५ मध्ये कॅथलिक पंथात गेला आणि १८७९ मध्ये कार्डिनल, म्हणजे त्या पंथात पोपखालोखालचा धर्माधिकारी, झाला. धाकटा फ्रान्सिस प्रस्थापित ख्रिस्ती सिद्धान्त सोडून मुक्तचिंतक झाला. मधला चार्ल्स उघड नास्तिक झाला. घर एक असले तरी त्यात वाढणाऱ्या प्रत्येक मुलाला ते निराळे भेटते: पहिल्या मुलाचे आईवडील तरुण आणि काटेकोर असतात, तिसऱ्याच्या वेळी दमलेले आणि सैल, एकाच्या वाट्याला आजीचा सहवास येतो, दुसऱ्याच्या जन्माआधीच ती गेलेली असते. आणि स्वभाव असतोच. लॉरा कोनिग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील प्रौढ पुरुष जुळ्यांवर केलेल्या २००५ मधील अभ्यासात, बालपणीच्या धार्मिकतेत माणसामाणसांत जो फरक आढळला त्यातील ५६ टक्के समाईक घरगुती वातावरणाशी आणि केवळ १२ टक्के अनुवंशाशी निगडित होता. प्रौढपणाच्या धार्मिकतेत हेच प्रमाण अनुक्रमे १८ आणि ४४ टक्के झाले. बालपणाची माहिती त्यांनी आठवणीवरून दिलेली होती आणि हे आकडे त्या समूहापुरतेच आहेत. श्रद्धेचे काही जनुक असते असा निष्कर्ष त्यातून कोणी काढू नये. पण दिशा स्पष्ट आहे. लहानपणी सारेच घराच्या तालावर चालतात; घर सुटले की प्रत्येक जण आपापल्या चालीने चालू लागतो. आपण आणि आपली बहीण यांच्यातला फरक बालपणी कोणाला दिसला नसेल तो यामुळेच.

श्रद्धा सोडणाऱ्यांविषयी कॅनडातील ब्रूस हन्सबर्गर आणि बॉब आल्टेमायर यांनी १९९७ मध्ये मांडलेले एक निरीक्षण मला नेहमी आठवते. अत्यंत धार्मिक घरात वाढूनही पूर्ण अश्रद्ध झालेले विद्यार्थी त्यांनी शोधून काढले. असे फार थोडे सापडले. बंडखोरी किंवा चैनीची ओढ हे त्यांचे कारण नव्हते. खरे बोलावे, सत्याची चाड धरावी, हा धर्मानेच दिलेला धडा त्यांनी इतका मनावर घेतला होता की धर्मातल्या विसंगतींकडे डोळेझाक करणे त्यांना जमले नाही. म्हणजे त्यांचे संस्कार वाया गेले असे म्हणता येणार नाही. आईवडिलांना हे पटवून देणे कठीण असते, परंतु आपल्या आईवडिलांशी कधी हा विषय निघालाच तर येथून सुरुवात करून पाहा.

राहिला मुलीचा प्रश्न. काही न शिकवणे म्हणजे तटस्थ राहणे, ही समजूत आधी सोडावी लागेल. डेव्हिड व्होआस आणि अलस्डेअर क्रॉकेट यांनी २००५ मध्ये ब्रिटनमधील पाहण्यांवरून दाखवले की दोन्ही पालक धार्मिक असतील तर मुलात धार्मिकता उतरण्याची शक्यता साधारण निम्मी असते, एकच पालक धार्मिक असेल तर त्याच्याही निम्मी, आणि दोघेही धर्मापासून दूर असतील तर तो दुरावा मुलांत जवळजवळ नक्की उतरतो. ही आकडेवारी त्या देशाची आणि त्या काळाची आहे, ती आपल्या घराचे भविष्य नव्हे. पण मौनातूनही मूल शिकतच असते एवढे त्यावरून उघड होते. अन्याय श्रद्धा देण्यात नाही आणि न देण्यातही नाही. तो असलाच तर धाक घालण्यात, खोटे बोलण्यात आणि प्रश्न विचारल्याबद्दल गप्प बसवण्यात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या चौदाव्या कलमात मुलाचे विचार, विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य मान्य केले आहे, आणि त्याच कलमात मुलाच्या वाढत्या समजेनुसार त्याला मार्ग दाखवण्याचा पालकांचा अधिकारही. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य आहेत.

धर्म नसेल तर ती नीतीने कशी वागेल, ही चिंता आपण नोंदवलेली नाही, परंतु नातेवाईक ती हमखास बोलून दाखवतील. धार्मिक घरांतली मुले उलट कमी उदार असतात असा दावा करणारा सहा देशांतील एक अभ्यास २०१५ मध्ये गाजला होता; आकडेमोडीत देशांच्या नोंदी चुकीच्या हाताळल्या गेल्याचे निष्पन्न झाल्यावर २०१९ मध्ये तो मागे घेण्यात आला. त्याचा हवाला कोणी दिला तर मानू नये, आणि उलट बाजूने कोणी तितक्याच ठामपणे बोलले तर तेही मानू नये.

मुलीला उत्तर देताना ‘देव नाही’ किंवा ‘आहे’ असा निकाल देण्यापेक्षा खरी परिस्थिती सांगावी: आईला वाटते की आहे, मला तसे वाटत नाही, आणि आम्ही दोघेही यावर विचार करून येथे आलो आहोत. सहा वर्षांच्या मुलाला हे समजते. आईला एक भाजी आवडते आणि बाबांना दुसरी, हे जितक्या सहजपणे ते स्वीकारते, तितक्याच सहजपणे हेही स्वीकारते. त्याला असह्य होतो तो तणाव. एकाने प्रार्थनेला बसवायचे आणि दुसऱ्याने भुवया उंचावायच्या, असे झाले की मूल देवाचा विचार सोडून कोणाची बाजू घ्यायची याचा विचार करू लागते. म्हणून पत्नीशी आधी स्वतंत्रपणे बोला आणि निदान तीन गोष्टींवर एकमत करा: शिक्षा म्हणून देवाचे नाव कोणी घेणार नाही, आजारपण वा मृत्यू यांना पापपुण्याचे कारण जोडले जाणार नाही, आणि मुलीच्या देखत एकमेकांच्या श्रद्धेची वा अश्रद्धेची टिंगल होणार नाही. तिला आईबरोबर प्रार्थना करावीशी वाटली तर करू द्यावी. पुढे बाराव्या-तेराव्या वर्षी तिने नकार दिला तर पत्नीने तो ऐकून घ्यावा, आणि उलट ती आपल्यापेक्षा कितीतरी अधिक श्रद्धाळू निघाली तर आपणही तितक्याच शांतपणे ऐकून घ्यावे. दुसरा प्रसंग आपल्याला पहिल्याहून जड जाईल असा माझा अंदाज आहे, कारण अश्रद्ध पालकांना आपण मुलांवर काहीच लादलेले नाही असे मनापासून वाटत असते.